मेलेल्या सालीवरचा धडा

पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा मला निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती. कारण रक्तदाब. तो तिने बरीच वर्षे अंगावर काढला आणि मी काढू दिला. आम्हाला मूल नाही. घर तासगावच्या थोडे बाहेर, द्राक्षबागांना लागून. जवळच्याच एका माध्यमिक शाळेत मी तीस वर्षे विज्ञान शिकवले.

या तीस वर्षांत नववीच्या वर्गाला मी दरवर्षी पेशीपटल शिकवले. तो पाठ मला विशेष प्रिय होता. फळ्यावर आधी एक वर्तुळ काढायचे आणि मुलांना सांगायचे की जिवंत वस्तूला आत आणि बाहेर असा भेद लागतो. हद्द नसेल तर जीव सांडून जातो. हद्द पूर्ण बंद असेल तर तो आत गुदमरतो. म्हणून पेशीभोवती जे असते त्याला भिंत म्हणण्यापेक्षा पडदा म्हणावे. हा पडदा मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचा. प्रत्येक रेणूला पाण्याची ओढ असलेले एक डोके आणि पाण्यापासून दूर पळणाऱ्या दोन शेपट्या. असे रेणू पाण्यात सोडले की कोणी न सांगता रांग धरतात. डोकी दोन्ही बाजूंना, पाण्याकडे. शेपट्या मध्ये, एकमेकींकडे. गवंडी लागत नाही.

या दोन थरांत प्रथिने रुतलेली असतात. काही नुसती दारे असतात. काही एकच पदार्थ ओळखून त्यालाच वाट देतात. काही पंपासारखी, उताराच्या उलट दिशेने ओढून नेणारी. त्यांना सतत ऊर्जा लागते, माणूस झोपलेला असतानाही. प्राणवायू कोणाला न विचारता आत जातो. साखरेला दार लागते. मिठाच्या कणांवर पहारा असतो. आणि पाणी, जिकडे विरघळलेला पदार्थ जास्त तिकडे जाते. याला परासरण म्हणतात.

परासरणाचा प्रयोग बेदाण्यांवर होई. तासगावात बेदाण्यांना तोटा नाही. मुले घरून मूठमूठ आणत, त्यातले निम्मे प्रयोगशाळेच्या दारात संपलेले असत. उरलेले साध्या पाण्यात टाकायचे. दुसऱ्या दिवसापर्यंत ते टरारून फुगत. मग तेच साखरेच्या दाट पाकात टाकायचे. ते पुन्हा आकसत. एकदा एका मुलीने विचारले, “सर, पाण्यात टाकलं की वजन वाढतंय, तर आमचं बाबा आधी सुकवत्यात कशापाय?” वर्ग हसला. मी तिला खाली बसवले. प्रयोग दरवर्षी यशस्वी होत असे. त्यात चुकण्यासारखे काहीच नव्हते.

मिरजेच्या एका रुग्णालयात आधी तीन आठवडे यंत्रावर पत्नीचे रक्त शुद्ध करून पाहिले. तिचे हृदय दुबळे. यंत्र सुरू झाले की अर्ध्या तासात रक्तदाब कोसळे आणि छातीत कळ येई. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डॉक्टरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावले. माणूस तरुण, बोलणे सौम्य. यंत्र तिला झेपणार नाही, असे त्यांनी प्रथम सांगितले. मग दुसरा मार्ग सांगू लागले.

“पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ अस्तर असतं,” ते म्हणाले. “त्याच्या मागं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. नळीवाटे पोकळीत साखरेचं पाणी भरून ठेवलं, तर...”

“रक्तातले टाकाऊ पदार्थ दाटीकडून विरळीकडे, विसरणाने, त्या पाण्यात येतील,” मी म्हणालो. “आणि साखरेच्या ओढीने अंगातले जादा पाणी परासरणाने बाहेर येईल. काही तासांनी ते काढून टाकायचे आणि नवे भरायचे.”

ते थांबले. “काय करता आपण?”

“शिक्षक होतो. विज्ञान.”

“मग सर, तुम्हाला मी काय शिकवणार? तुम्हीच आमच्या सिस्टरचा एक तास घ्या.”

हे त्यांनी सौजन्याने म्हटले. मी ते खरे मानले. पुढचे सगळे तेथून सुरू झाले. दोष त्या वाक्याचा नव्हे.

पत्नी सगळे ऐकत होती. ती म्हणाली, “म्हंजी पोटाला तोटी बसवणार व्हय? आन् पाणी पाळीनं सोडायचं, पाटावानी?”

डॉक्टर हसले. “अगदी तसंच, मावशी. दिवसातनं चार पाळ्या.”

“आमच्या गावाला जलमात पाट आला न्हाई,” ती म्हणाली. “आता माज्या पोटात येतोय.”

तिचे माहेर सातारा जिल्ह्यात, वडूजच्या पुढे, कोरडवाहू मुलखात. घराणे पूर्वी मेंढरांमागे हिंडणारे. पाण्यावरून बोलणे तिला नवे नव्हते.

नळी बसली. मी आठ दिवस रुग्णालयात राहून काम शिकलो. खोलीच्या खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, तोंडाला फडके बांधायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे. पोटातले जुने पाणी खालच्या रिकाम्या पिशवीत उतरू द्यायचे. मग वर टांगलेल्या पिशवीतले नवे दोन लिटर आत सोडायचे. उतरलेले पाणी काट्यावर वजन करून वहीत लिहायचे. दोन लिटर भरून सव्वादोन निघाले तर पाव लिटर पाणी अंगातून गेले. तिला लघवी होणे जवळजवळ बंद झाले होते. तेव्हा पाणी बाहेर जाण्याची हीच काय ती वाट.

पिशव्या तीन प्रकारच्या. पिवळ्या खुणेची सौम्य, हिरव्या खुणेची मध्यम, लाल खुणेची तीव्र. लालमध्ये साखर सर्वांत जास्त. डॉक्टरांचा आदेश स्पष्ट होता. दिवसा पिवळी. झोपण्यापूर्वी हिरवी. लाल फक्त दम लागला तर, आणि तीही त्यांना फोन करून. पाणी दिवसाला तीन पेले, चहा धरून.

पहिले आठ महिने मी हे अक्षरशः पाळले. तिचा रंग सुधारला. ती ओसरीवर बसून भाजी निवडू लागली. मी काम नेटके करतो, हे डॉक्टरांनी दोनदा बोलून दाखवले. माझी वही त्यांनी दुसऱ्या एका रुग्णाच्या मुलाला नमुना म्हणून दाखवली.

शेजारी एक बागायतदार राहतात. त्यांचे बेदाण्याचे शेड आमच्या कुंपणाला लागून आहे. हंगामात ते दिवसभर तेथेच असत आणि पत्नीची विचारपूस करायला येत. एके दुपारी मी त्यांच्याबरोबर शेडपर्यंत गेलो. बायका द्राक्षांचे घड पांढरट द्रावणात बुडवून काढत होत्या आणि मग जाळ्यांवर पसरत होत्या.

“ह्ये कशाला लागतं, सर, तुमास्नी ठावं आसंल,” ते म्हणाले.

“द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो. तो विरघळतो. मग पाणी लवकर बाहेर पडते.”

“बरूबर. पर आमी ह्या बायांस्नी काय सांगतो? बुडिवलं की काडायचं. जादा येळ ठिवलं की साल फाटती. मग माल चिकाट हुतोय, त्येचा रंग जातोय. त्यो काय परत येत न्हाई.”

मी मान हलवली आणि त्यांना मेणाच्या रासायनिक रचनेबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. त्यांनी त्या ऐकून घेतल्या.

त्या उन्हाळ्यात पत्नीच्या भावाच्या मुलीचे लग्न निघाले. भाऊ तिच्याहून धाकटा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त, गावीच राहतो. आईवडील नसल्यामुळे त्या घरात थोरली तीच. न जाणे शक्य नव्हते. मी पिशव्यांचे खोके भावाने पाठवलेल्या जीपमध्ये घातले. लाल खुणेच्या दोन पिशव्या अडीअडचणीला म्हणून बरोबर घेतल्या.

तिच्या माहेरच्या घराची एक रीत आहे. पाहुण्याला पाणी एकट्याने पिऊ देत नाहीत. घरातले थोर माणूस त्याच्यासमोर बसते आणि त्याच तांब्यातले घोटभर पाणी पिते. ज्या काळी दोन कोसांवरून घागरी आणाव्या लागत, त्या काळची ही रीत असावी. या घरात तुमच्या घोटाचा हिशेब होत नाही, असे पाहुण्याला त्यातून कळते. घोट न घेणे म्हणजे तुम्ही उठा असे सांगणे.

लग्नघरी ती उंबऱ्याशी पाटावर बसली. सकाळपासून माणसे येत होती. मी दोन वेळा जाऊन तिला खुणेने थांबवले. तिसऱ्या वेळी तिच्या एका चुलत भावजयीने मला पाहिले.

“आवं मास्तर, किती राखण करताय बायकूची? आमी काय पळवून न्हेतोय व्हय तिला?”

बायका हसल्या. पत्नी म्हणाली, “त्येनी माजा एकेक घोट वहीत लिवत्यात. साळंतनं निघाल्यात, पर हजेरी सुटली न्हाई.”

मी परत आलो. मोजणे सोडून दिले.

संध्याकाळी तिचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टम्म झाले. चार पायऱ्या चढून तिला धाप लागली. मी डॉक्टरांना फोन केला नाही. परासरणाचा नियम मला माहीत होता. मी माडीवरच्या खोलीत खिडक्या लावल्या आणि लाल पिशवी टांगली. चार तासांनी दोन लिटरचे जवळजवळ तीन लिटर होऊन बाहेर आले. सकाळी पायांवरची सूज निम्मी झाली होती आणि ती हळद दळायच्या गाण्यांत बसली होती.

“तुमच्या त्या लाल पिशवीत जादू हाय,” ती म्हणाली.

“जादू नाही. परासरण.”

“आसंल. पर मला कळलं आसतं, तर आदीच मागितली आसती.”

तासगावला परतल्यावर आमच्या ओसरीवरही माहेरची रीत सुरू झाली. आजारी माणसाला भेटायला येणारे आमच्याकडे कमी नव्हते. मी तिला म्हणालो, “पी. संध्याकाळी लाल लावू.” आधी हे आठवड्यातून एकदा होते. मग एक दिवसाआड. दिवाळीपर्यंत रोज एक लाल पिशवी लागू लागली. पुढच्या वर्षी काही दिवस दोन.

वहीत मी लाल लिहिले नाही. हिरवी लिहिली. उतरलेल्या पाण्याचा आकडा हिरवीला शोभेल इतका कमी करून लिहिला. पिशव्या पुरवणाऱ्याने फोनवर विचारले, “सर, लाल जास्त लागायला लागल्या?” “डॉक्टरांनी वाढवल्या,” मी सांगितले. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांतली बनावट निरीक्षणे मी एका नजरेत ओळखत असे. आकडे फार सुबक असत. अशा वह्या मी सर्वांसमोर फाडल्या आहेत.

मी असे का केले, याचे एक कारण सांगता येण्यासारखे आहे. दारात आलेल्या माणसाबरोबर पाणी पिताना तिचा चेहरा पूर्वीसारखा दिसे. हे मी सफाई म्हणून लिहीत नाही.

दुसरा उन्हाळा संपता संपता फरक पडू लागला. लाल पिशवीतून आधी जेवढे पाणी येई त्याच्या निम्मेच येऊ लागले. मी नळी वाकली आहे का पाहिले. तिला कुशीवर वळवून पाहिले, उठवून बसवून पाहिले. मग एके दिवशी लाल पिशवीचे दोन लिटर भरले आणि दोनच लिटर निघाले. दुसऱ्या दिवशीही तेच. पाय उतरेनात. डोळ्यांखाली सकाळची सूज दुपारपर्यंत राहू लागली. तिच्या चपला तिला बसेनात. ती माझ्या घालू लागली.

मिरजेला डॉक्टरांनी एक चाचणी केली. पोटात पाणी भरून ठेवायचे, ठरावीक वेळाने त्यातले थोडे काढून साखर मोजायची, बरोबर रक्तही तपासायचे. चार तास आम्ही बाकावर बसून होतो. निकाल मला त्यांनी सांगण्याआधीच कळला होता. काढलेल्या पाण्यात साखर उरलीच नव्हती.

डॉक्टरांनी पत्नीला समजेल असे सांगितले. “मावशी, पोटातल्या पाण्यात साखर असते तोवरच ते पाणी ओढतं. तुमच्या पडद्यातनं ती साखर आता फार लवकर रक्तात जाते. साखर गेली, की ओढ संपली. पाणी अंगातच राहतं.”

“मग दुसरा पडदा?” तिने विचारले.

“दुसरा नसतो.”

नंतर त्यांनी माझी वही उघडली. बराच वेळ पाने उलटली. “सर, इतक्या लवकर असं व्हायला नको होतं. या नोंदींवरून तर नाहीच.” त्यांनी वर पाहिले. “लाल किती वापरल्या?”

पत्नी माझ्याकडे पाहत होती.

“रोज,” मी म्हणालो. “वर्षभर. कधी दोन.”

त्यांनी वही मिटली. आवाज चढवला नाही. ते म्हणाले की ते अस्तर म्हणजे पेशींचा एकच एक थर. त्याखाली थोडे धागे आणि मग रक्तवाहिन्या. दाट साखरेचा मारा रोज झाला की वरच्या पेशी मरतात, खालचे धागे जाड होतात आणि नको तेथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. अधूनमधून मार बसला तर पेशी सावरतात. रोजच्या माराला त्यांच्याकडे उत्तर नाही. “तो पडदा जिवंत असतो, सर,” ते म्हणाले.

हे वाक्य मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. पाठाचे पहिलेच वाक्य ते. त्याखाली मी जे करून दाखवले ते मात्र बेदाण्यावर, अंड्याच्या आतल्या पापुद्र्यावर, नळीला बांधलेल्या चर्मपत्रावर. त्यांतले काहीच जिवंत नव्हते. मेलेल्या सालीला थकवा येत नाही. ती शंभरदा पाकात घाला, शंभरदा पाण्यात घाला, नियम पाळते. मुलांना मी तेवढेच शिकवले आणि स्वतःही तेवढेच शिकलो.

यंत्राचा मार्ग हृदयामुळे पूर्वीच बंद झाला होता. मानेत नळी घालून पुन्हा एकदा प्रयत्न करता येईल, असे डॉक्टर म्हणाले; पण हृदय तेथेच टेबलावर थांबण्याची शक्यता त्यांनी लपवली नाही. ती नको म्हणाली. पोटातल्या पिशव्या चालू ठेवायच्या. विष थोडेफार निघत राहील, पाणी साठत जाईल. किती दिवस, ते मी विचारले. त्यांनी आठवड्यांत उत्तर दिले.

तासगावच्या एसटीत ती खिडकीशी बसली. सांगली मागे पडल्यावर तिने विचारले.

“लाल पिशवीनं पडदा जातोय, ह्ये ठावं हुतं तुमास्नी?”

“नाही.”

“मग वहीत हिरवी कशापाय लिवली?”

पुढच्या बाकावरच्या माणसाने मान वळवली आणि पुन्हा समोर पाहिले.

“डॉक्टर थांबवतील म्हणून.”

“म्हंजी ठावं हुतं.”

“इतके नुकसान होईल हे माहीत नव्हते. त्यांना चालणार नाही, एवढे माहीत होते.”

“त्येच की.” ती म्हणाली. “मी चार यत्ता शिकल्याली. मला म्हणला आसता, आजपास्नं घोट बंद, तर मी काय दारात आल्याल्याच्या तोंडावर दार लावलं आसतं? नुसता तांब्या व्हटाला लावला आसता. कोण बघतंय आत पाणी गेलं का न्हाई ते?”

हे मला सुचले नव्हते.

“तुमी म्हणला, पी. म्हणून प्याले. मास्तर म्हणत्यात म्हंजी पुस्तकात आसंल.”

बोलण्यासारखे शब्द माझ्याजवळ असतात. त्यांतला एकही तेथे चालला नसता.

घरी आल्यावर तिने एकच गोष्ट सांगितली. “माज्या भावाला बोलवून घ्या. फोनवर काय बोलू नका. त्यो आला की तुमीच सांगा, आन् समदं सांगा. वहीबी दावा. मी मेल्यावर त्येला दुसऱ्या कुणाकडनं कळाया नको.”

तो तिसऱ्या दिवशी आला. सोबत भावजयीने दिलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. पत्नी आत खुर्चीत बसून होती. आडवे झाले की तिला श्वास पुरत नसे. त्याने तिचे पाय पाहिले आणि बोटाने एकदा दाबले. खळगा तसाच राहिला. तो ओसरीवर येऊन माझ्यासमोर बसला.

मी सांगितले. लग्नाच्या दिवसापासून चाचणीच्या दिवसापर्यंत, क्रमाने. त्याने मध्ये एकदाही अडवले नाही. वही पुढे केली तेव्हा त्याने ती उघडली, पण वाचली नाही.

“माज्याच पोरीच्या लग्नात म्हणायचं,” तो म्हणाला.

“पहिली तेथे. पुढच्या येथे.”

“दाजी, फौजेत एक हवालदार हुता आमचा. दारूगोळ्याचं समदं त्येला पाठ. म्हणून त्यो रजिस्टरात बघायचाच न्हाई. आमी त्येला लय मानायचो.” पुढे त्या हवालदाराचे काय झाले, ते त्याने सांगितले नाही. मी विचारले नाही.

“आक्काला मी गावाला न्हेतो,” तो थोड्या वेळाने म्हणाला. “तितं जीप हाय, माणसं हाईत. पिशव्या लावायला नर्स बगतो वडूजात.”

आतून तिचा आवाज आला. तिला सगळे ऐकू येत होते. “मी कुटं जात न्हाई.”

“आगं आक्का, हितं काय ठिवलंय?”

“ह्येनी केलंय. ह्येनीच निस्तरायचं. तुज्या दारात न्हेऊन टाकू नकोस त्येंचं काम.”

तो आत गेला. मीही उंबऱ्यापर्यंत गेलो. ती त्याच्याकडे पाहून बोलत होती, दर चार शब्दांनी थांबून. “आन् आरडाओरडा करायचा न्हाई. ह्येंच्याशी बोलायचं टाकायचं न्हाई. मी गेल्यावर तीन सांजा हितं चूल न्हाई पेटायची, कोण येणार हाय जेवण घेऊन? तूच की.”

“आक्का, मला बोलू तर दे.”

“तुजं बोलणं तू तुज्या पलटणीत बोल.”

तो हसला नाही. पण तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. दोघे लहानपणच्या मेंढरांबद्दल बोलत होते. कोणती कोणाची होती, कोणती लांडग्याने नेली. एका मेंढीवरून त्यांचे भांडणही झाले. ती त्याच्या वाट्याची होती असे तो म्हणे; ती माझीच होती, तू रडून घेतलीस, असे ती म्हणे. मी ठरलेल्या वेळी पिशवी लावली. तो पंखा बंद करून खोलीबाहेर उभा राहिला. पावणेदोन लिटर निघाले. पाव लिटर आत राहिले. त्याने आकडा विचारला, तो मी सांगितला. तिला मात्र त्याने तो सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. शेतात खते टाकायची होती. आठ दिवसांत परत येतो, म्हणाला. तोवर ती असेल का, हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. बागांच्या छाटणीचे दिवस होते. मजुरांनी भरलेले दोन ट्रॅक्टर गेले. एसटीला वेळ होता.

“दाजी,” तो म्हणाला, “पाणी चडत चडत छातीत येणार, आसंच ना?”

“फुफ्फुसांत. होय.”

त्याने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. “शेवटाला तरास न्हाई ना व्हनार तिला?”

डॉक्टरांनी औषधाचे नाव लिहून दिले होते. ते किती उपयोगी पडते, तेही सांगितले होते.

“होईल,” मी म्हणालो.

एसटी आली. तो चढला. माझ्या बाजूची खिडकी रिकामी होती; तो पलीकडच्या बाजूच्या बाकावर बसला.